जोसेफीनचे कुरळे केस

शनिवारी दुपारचा चहा झाला की जोसेफीन पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायची आणि डोक्याला रोलर लावायला घ्यायची. खुर्ची पार्लरची होती. पार्लर बंद होऊन बरीच वर्षं झाली तरी खुर्ची, भिंतभर आरसा आणि गुलाबी रोलरांची टोपली जागची हलली नव्हती. कपाळावरचे आणि कानाजवळचे रोलर ती स्वतः लावायची, आरशाकडे न बघता, एकीकडे तोंड चालू ठेवून. मागचे मात्र गेल्या काही महिन्यांपासून तिच्या मुलीच्या, ॲन्ड्रियाच्या वाट्याला आले होते. जोसेफीनचा खांदा आखडला होता आणि हात मानेपर्यंत वळत नव्हता.

"घट्ट ओढ गं बाय. पुस्तकाचं पान उलटतेस काय?"

"दुखेल, मम्मा."

"दुखायलाच पाहिजे. न दुखता कोणाचे केस वळलेत?"

ॲन्ड्रियाने ओढले. आता त्या डोक्यावर केसांपेक्षा रोलरच जास्त झाले होते, पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. ॲन्ड्रियाची पन्नाशी उलटली होती. अंधेरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात ती इतिहास शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि मानेवर केसांची एक साधी गाठ मारायची. ती गाठ सकाळी मारली की रात्री सोडायची, मध्ये तिच्याकडे कोणी बघत नसे, ती स्वतःही नाही.

"शॅरन काल आलेली," जोसेफीन म्हणाली. शॅरन तिची भाची, अंधेरी वेस्टला तिचं स्वतःचं सलून होतं. "म्हणते, आंटी, केराटिन करून घे, मस्त सरळ होतील. मी म्हटलं, बाळा, सरळ देवानेच दिले होते. ते बदलायला मी उभा जन्म घातला."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. आजकालच्या पोरी हसतात नुसत्या. तो खालचा सैल आहे बघ."

दुसऱ्या दिवशी मिरांडांकडे नातवाचा बाप्तिस्मा होता. त्यासाठी निळा फ्रॉक इस्त्री करून हँगरला लटकत होता. रोलर लावून झाल्यावर जोसेफीनने त्यावर जाळीचा रुमाल बांधला, सिरियल पाहिली, सिरियलमधल्या सुनेच्या भांगाला नावं ठेवली, बोंबिलाचं कालवण चाटून-पुसून खाल्लं, आणि कमी उजेडात वाचते म्हणून ॲन्ड्रियाला रागावून झोपायला गेली.

सकाळी ॲन्ड्रिया चहा घेऊन गेली तेव्हा जोसेफीन कुशीवर निजलेली होती. रुमाल जागच्या जागी होता, रोलर घट्ट होते, एकही निसटला नव्हता. फक्त ती नव्हती.

डॉक्टर आले. त्यांनी झोपेत हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. रोलरांचा उल्लेख कुठे केला नाही.

*

मरोळच्या गावठाणात एक काळ असा होता, की लग्नाचा अल्बम पाहून नवरी कोण ते सांगता यायचं नाही, पण केस कोणी केले ते सांगता यायचं. ऐंशी साल उजाडलं आणि जोसेफीनने घराच्या पुढच्या खोलीत 'जोसीज, फक्त लेडीज' अशी पाटी लावली. तिचा नवरा ऑगस्टीन मरोळच्याच एका कंपनीत फिटर होता. त्याने आरसा बसवून दिला आणि त्यानंतर त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी मागून घेऊ लागला. जोसेफीन कुलाब्याच्या एका बाईकडे चार महिने जाऊन पर्मिंग शिकून आली होती. तिथून पुढे दहा वर्षं गावठाणात सरळ केसांची बाई म्हणजे एकतर नन, नाहीतर जोसेफीनशी भांडलेली.

त्या दहा वर्षांत डोक्यांचं काय काय झालं! आधी स्टेप कट आला, मग कपाळावर तुरे आले, ते स्प्रे मारून असे उभे करायचे की वारा आला तर बाई मागे सरकावी पण तुरा हलू नये. केस उलटे विंचरून फुगवायचे, त्याला पफ म्हणत. पफ जितका उंच तितकं लग्न मोठं. एका बाजूला बांधलेली पोनी आली, केळ्याच्या आकाराची क्लिप आली. पोरांनीही पुढून आखूड आणि मागून मानेवर रुळणारे केस ठेवले आणि रविवारी मिस्साला फादर अशा रांगेकडे पाहून डोळे मिटून घेत. पण ह्या सगळ्याची राणी म्हणजे पर्मिंग. डोकंभर बारीक वळ्या, धुतलं तरी न जाणाऱ्या. लोशनचा वास इतका उग्र, की शेजारच्या मांजरी आठवडाभर फिरकत नसत. बायका आत जाताना कोणाची तरी सून, कोणाची तरी आई असायच्या. बाहेर येताना पदर सावरत, आरसा नसलेल्या भिंतीतही स्वतःला बघत यायच्या.

नुसत्या ख्रिस्ती बायकाच नाही. समोरच्या चाळीतली रुक्मिणी, मालवणकडची, नवरा गिरणीत. संप लांबला, नवरा घरी बसून राहिला, आणि एक दिवस ती तडक येऊन खुर्चीत बसली नि म्हणाली, काप. जोसेफीनने स्टेप कट दिला. सासूने ते डोकं पाहिलं आणि गणपतीपर्यंत रुक्मिणीशी एक शब्द बोलली नाही. रुक्मिणी अजूनही सांगते, संसारातले तेवढेच दिवस शांततेत गेले.

मग नव्वद साल मागे पडलं आणि जगाने अचानक ठरवलं, की केस सरळ पाहिजेत. ज्यांच्या आयांनी वळ्या पाडून घेतल्या, त्या मुली इस्त्री मारून घेऊ लागल्या. 'जोसीज' कोणी बंद केलं नाही. बायका यायच्या थांबल्या, एवढंच. जोसेफीनने स्वतःपुरतं ते दशक चालू ठेवलं. वर्षातून दोनदा पर्मिंग, दर शनिवारी रोलर. दुरून येणारं ते कुरळं डोकं पाहून रिक्षावाले थांबत, भाजीवाला भाव वाढवून ठेवत असे.

ह्या सगळ्यात ॲन्ड्रिया कुठे होती? पायरीवर, पुस्तक घेऊन. गिऱ्हाइकं विचारायची, पोरीचं काय करत नाहीस गं? जोसेफीन सांगायची, "आमची ॲन्ड्रिया वाचते." एखादीने आपल्या मुलीला दमा आहे असं सांगावं, तसं सांगायची. थोडी काळजी, थोडा अभिमान, आणि बाईसाहेब, कृपया धूर करू नका, असा भाव. "तिला हे चाळे आवडत नाहीत," हे पुढचं वाक्य. गावठाणाने ते मान्य केलं. पुढे ॲन्ड्रिया एम.ए. झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरोबर आहे, केसांत वेळ घालवला नाही म्हणून झाली.

*

शॅरन रविवारी दुपारी आली ती डोळे सुजवून आणि मोठी काळी बॅग घेऊन. दफन सोमवारी संध्याकाळी ठरलं होतं. ॲन्ड्रियाचा भाऊ जेफ्री कॅनडात. त्याला तिकीट मिळालं तरी पोचणं शक्य नव्हतं. तेव्हा त्याने फोनवरून सगळं बघायचं असं ठरलं.

"ॲन्ड्रिया, तू काही बघू नकोस," शॅरन म्हणाली. "आंटीला मी तयार करते. पहिली कात्री तिनेच माझ्या हातात दिली. आठ वर्षांची होते. माझाच हक्क आहे."

"कर ना."

"केस मी माझ्या पद्धतीने करू ना? छान करते. बघशील."

ॲन्ड्रियाच्या हातात तेव्हा तो निळा फ्रॉक होता. केसांबद्दल तिला आयुष्यात ज्या ज्या वेळी काही विचारलं गेलं, त्या त्या वेळी तिने जे केलं तेच आताही केलं. मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो असाही होता, मला काय त्यातलं कळतं असाही होता. शॅरनने सोयीचा घेतला.

सोमवारी सकाळी पुढच्या खोलीत पेटी ठेवली. पार्लरची खुर्ची कोपऱ्यात सरकवली. पेटीच्या चारी कोपऱ्यांना मेणबत्त्या, उशाला क्रूस. आणि आत निळ्या फ्रॉकमध्ये, हातात रोझरीची माळ घेऊन, एक अतिशय नीटनेटकी म्हातारी बाई निजलेली होती. रुपेरी केस मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंना सरळ, चकचकीत, कानांवरून खांद्यापर्यंत उतरलेले. एक बट इकडची तिकडे नाही. शॅरनने सीरम लावून, ड्रायर मारून, इस्त्री फिरवली होती, आणि हे सगळं करताना ती सारखी रडत होती, हे ॲन्ड्रियाने दारातून पाहिलं होतं.

"वाव," जेफ्री म्हणाला. त्याचा फोन शोकेसवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीला टेकवून ठेवला होता. "शॅरन, काय केलंस यार! किती डीसेंट दिसते मम्मा. शांत एकदम."

"ना?" शॅरनने नाक पुसलं. "तिला केव्हापासून सांगत होते मी."

"इथले सगळे बघणार आहेत लाइव्ह. माझ्या ऑफिसचे पण. बरं झालं."

बायका येऊ लागल्या. रोझरीची प्रार्थना सुरू झाली. पेटीजवळ येणारी प्रत्येक जण क्षणभर थबकायची, वाकून बघायची, मग ॲन्ड्रियाचा हात धरून म्हणायची, किती साधी दिसते गं. सोज्वळ. देवमाणूस होती, साधी. ॲन्ड्रिया मान हलवत राहिली. मेलेल्या माणसाला साधेपणाची बढती आपोआप मिळते, हे तिला इतिहासामुळे माहीत होतं. मोठमोठे राजेही मेल्यावर साधे होतात. पण पेटीतल्या त्या बाईकडे बघताना तिला रडू येत नव्हतं, आणि का येत नाही, ते कळत नव्हतं. काल, रोलर लावलेल्या त्या डोक्यापाशी बसून, आलं होतं.

दुपारी नातालीन आंटी आली. ऐंशीच्या पुढची, मोतीबिंदू, काठी. जोसेफीनची पहिली गिऱ्हाईक, आणि गावठाणातली तिची सर्वांत जुनी मैत्रीण. नातवाने दारापर्यंत सोडलं. तिने पेटीपाशी जाऊन क्रूसाची खूण केली, नीट वाकून तोंड पाहिलं, डोळे मिटून एक 'नमो मारिया' म्हटली, आणि मग ॲन्ड्रियाला बाजूला घेतलं.

"बाय," ती दबक्या आवाजात म्हणाली, "जोसेफीनला कळवलं का?"

ॲन्ड्रियाला आधी कळलंच नाही.

"तिची वसईची बहीण ना ही? मोठी? फार जीव होता दोघींचा. पण जोसेफीन दिसत नाही कुठे. तिला धक्का बसेल गं. कोणीतरी जवळ बसा तिच्या."

रोझरी थांबली. मागे कोणीतरी हसू दाबलं, आणि ते हसू दाबताना दुसऱ्या कोणाला हुंदका आला. शॅरनने एका हाताने तोंड झाकलं.

"आंटी," ॲन्ड्रिया म्हणाली, "हीच जोसेफीन आहे."

नातालीन आंटीने तिच्याकडे असं पाहिलं, की दुःखाने पोरीचं डोकं फिरलं असावं. मग पुन्हा पेटीकडे पाहिलं. "ही?" ती म्हणाली. "हट्. जोसेफीनला काय मी ओळखत नाही?"

तेवढ्यात समोरच्या चाळीतून रुक्मिणीकाकी आली आणि तिने काही आडपडदा ठेवला नाही. दारातूनच तिने हंबरडा फोडला, दोन पावलं आत आली, पेटीत पाहिलं, आणि हंबरडा मध्येच तोडून म्हणाली, "ह्यां काय केलास गो तुम्ही? अशी कधी होती काय ती? वर गेल्यावर ऑगस्टीनाक वळाख पटतली काय हिची? तो म्हणतलो, बाई, तू कोण?"

"काकी, प्लीज," शॅरन म्हणाली. "दोन तास खपले मी."

"खपलंस गो. पण कोणावर खपलंस?"

"किती सुंदर दिसतेय ती! जरा बघा तरी."

"सुंदर दिसता. कोणाची तरी मावशी दिसता. मास्तरीण दिसता."

मास्तरीण हा शब्द ॲन्ड्रियाकडे पाहून थोडा अडखळला, पण निघून गेला. आता खोलीतल्या सगळ्या साठी-सत्तरीच्या बायका बोलू लागल्या. एकेकाळी प्रत्येकीचं डोकं ह्याच आरशासमोर वळलेलं होतं. कोणी म्हणाली, कुरळे करून न्या. कोणी म्हणाली, आता हात लावू नये, पाप लागेल. कोणी म्हणाली, पाप लागायचं ते इस्त्री मारली तेव्हाच लागलं. शोकेसवरून जेफ्री ओरडत होता, "अरे, काय तमाशा लावलाय? मी दिसतोय का कोणाला? ॲन्ड्रिया, हे लाइव्ह आहे! मम्माला आहे तशी राहू दे, छान दिसते. तो जुना झाडू नको परत."

पेटी न्यायला अंडरटेकरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. चर्चमध्ये फादर वाट बघत असतील, असं म्हणून त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"तू सांग," नातालीन आंटी ॲन्ड्रियाला म्हणाली. अजूनही तिला पेटीतली बाई पटलेली नव्हती. "मुलगी तू. ही तुझी आई आहे म्हणतेस, तर सांग कशी न्यायची."

सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. शॅरन लाल डोळ्यांनी बघत होती, जेफ्री कॅनडातून. ॲन्ड्रिया पेटीजवळ गेली. ह्या बाईला जमिनीत ठेवून संध्याकाळी परत आलो, तर आपल्याला आयुष्यभर मम्मा कुठेतरी बाप्तिस्म्याला गेलीय असंच वाटत राहील, हे तिला एकदम स्वच्छ कळलं. आपण मान हलवली, म्हणून ही इथे आहे.

"रोलर कुठे ठेवलेस, शॅरन?" ती म्हणाली.

*

रोलर होते, पण वळ्या टिकवणारं सेटिंग लोशन नव्हतं. जोसेफीनची बाटली शनिवारीच संपली होती. अंडरटेकरचा माणूस अर्धा तास द्यायला तयार झाला. मरोळ नाक्यापर्यंत माणूस धाडला, तो रिकाम्या हाताने आला. दुकानदाराने विचारलं होतं, सेटिंग म्हणजे फोनचं का?

"बिअर आण," रुक्मिणीकाकी म्हणाली.

"काय?"

"बिअर गो. आमी लोशन संपला की बिअरच लावायचो. जोसेफीनानेच शिकवलेलां. मी ती लावून बसमध्ये चढायची नि कंडक्टर माझ्या घोवाकडे असो बघायचो! घोव बिचारो कधी घोटभर प्यालो नाय."

शॅरनचे वडील रिचर्ड अंकल, जोसेफीनचे धाकटे भाऊ, दफनानंतर घरी येणाऱ्यांसाठी बिअर आणून फ्रिजमध्ये ठेवून बसले होते. त्यांनी एक बाटली मुकाट्याने काढून दिली. बहिणीच्या दफनाची सगळी तयारी त्यांनी केली होती, पण हा उपयोग त्यांच्या हिशेबात नव्हता. काकीने ती पातेल्यात ओतून चमच्याने घोटत फेस मारला. उशीर पाहून फादर स्वतःच येऊन ठेपण्याआधी उरकायला हवं, म्हणून नातालीन आंटी दाराशी काठी घेऊन पहाऱ्याला बसली, जिला दारातला माणूस फादर आहे की पोस्टमन, हे सांगता आलं नसतं.

पहिला रोलर ॲन्ड्रियाने लावला आणि तो लगेच सुटला. दुसरा काकीने लावला. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तो आवळलाच गेला नाही. तिसरा आणखी एकीने लावला तो तिरका गेला. इस्त्री मारलेले केस हट्टाला पेटले होते, सीरममुळे निसटत होते, आणि अंडरटेकरचा माणूस पुन्हा घड्याळ बघत होता.

"असा नाही लावत!" शॅरन इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि ॲन्ड्रियाच्या हातातून कंगवा जवळजवळ हिसकावून घेतला. "बट वर धरायची, टोक आत दुमडायचं, मग खाली आणायचं. आंटी असती तर हातावर कंगवा मारला असता. मान धरा कोणीतरी. ॲन्ड्रिया, तू धर."

ॲन्ड्रियाने धरली. थंड होती आणि जड होती. शॅरन लावत गेली, भराभर, ओठ मिटून, आणि मध्येच म्हणाली, "मला वाटलं, मेल्यावर तरी ती माझं ऐकेल."

"जिवंतपणी कोणाचां आयकला नाय, आता आयकतली?" काकी म्हणाली, आणि पहिल्यांदा शॅरन हसली, नाक ओढत.

ड्रायर फिरला. खोलीभर बिअरचा आणि मेणाचा वास पसरला. रोलर सोडले तेव्हा डावी बाजू जरा जास्त घट्ट वळली होती, उजवी सैल राहिली होती, आणि कपाळावरचा तुरा सरळ उभा न राहता किंचित रस्त्याकडे झुकला होता. शॅरनने बोटं घालून केस मोकळे केले, फुगवले, स्प्रे मारला. मग ती बाजूला झाली.

पेटीत जोसेफीन होती. नटलेली, थोडी तोऱ्यात, आता उठून कोणाच्या तरी भांगाला नावं ठेवील अशी.

नातालीन आंटी काठी टेकत आली. वाकून पाहिलं. तिची काठी हातातून पडली.

"जोसेफीन!" ती ओरडली. "अगं बये, तू? तू गेलीस? मला न सांगता?" आणि तिने पेटीची कड धरून असा आक्रोश केला, की आतापर्यंत सोज्वळपणे रुमालाने डोळे टिपणाऱ्या सगळ्या बायका मोकळ्या होऊन रडायला लागल्या. रिचर्ड अंकलही रडले. अंडरटेकरच्या माणसाने टोपी काढली आणि हवेतला वास घेतला.

"ॲन्ड्रिया," फोनमधून जेफ्रीचा आवाज आला. तो आता ओरडत नव्हता. "फोन जरा जवळ ने ना." तिने नेला. "शाळेत पेरेंट्स डेला अशीच यायची," तो म्हणाला. "मी मागच्या बाकावर लपायचो." मग त्याचा चेहरा पडद्यावरून बाजूला झाला आणि नुसतं छत दिसत राहिलं.

झाकण लावायची वेळ झाली. नातालीन आंटी जोसेफीनच्या गालावर हात फिरवून तिच्याशी बोलत होती, बायका बोलतात तसं, उंबऱ्यावर उभं राहून, निघता निघता.

"चांगली झालीस गं. पोरीने केलं तुझं, बघ. तिला बिचारीला हे असलं कधी आवडलं नाही, तोंड वळवून बसायची पायरीवर. तरी तुझ्यासाठी केलं हो आज."

बायकांनी माना डोलावल्या. शॅरनने ॲन्ड्रियाच्या पाठीवर हात ठेवला. अंडरटेकरच्या माणसाने झाकण उचललं. आता फक्त मान हलवायची होती, नेहमीसारखी, आणि सगळं रीतसर पार पडलं असतं.

"थांबा," ॲन्ड्रिया म्हणाली.

तो झाकण हातात धरून थांबला. ॲन्ड्रियाने पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, तेवढ्याच आवाजात ती बोलली. मात्र ती बायकांशी बोलत नव्हती.

"आवडत नव्हतं, असं नाही, मम्मा. मी चौदाची होते तेव्हा तू एका दुपारी माझे केस वळवलेस. तिसऱ्या दिवशी सगळे सरळ. तू म्हणालीस, हिचे केस वळी धरत नाहीत. मी म्हटलं, नाहीतरी मला असलं काही आवडतच नाही. तू ते खरं मानलंस. सगळ्यांना सांगत राहिलीस, आणि मी सांगू दिलं. पायरीवर बसून मी वाचत नव्हते. आत बघत होते. तू कोणाचे केस कसे वळवतेस, त्या बाहेर येऊन कशा चालतात, सगळं बघत होते. मला तुझ्यासारखं दिसायचं होतं, मम्मा. अगदी तुझ्यासारखं."